पुनरागमनाचा अपराध

‘रिटर्न ऑफ हनुमान’ हा ॲनिमेशनपट 28 डिसेंबर 2007 रोजी प्रदर्शित झाला. आदल्याच दिवशी दिल्लीतील चाणक्यपुरीचे जुने चाणक्य चित्रपटगृह बंद झाले होते. शहराच्या दक्षिणेस, मुनिरक्याच्या एखाद्या भाड्याच्या खोलीत राहणारा मराठी विद्यार्थी या दोन घटनांचा एकत्र उल्लेख करून ‘तो आठवडाच वाईट होता’ असे म्हणेल, तर त्याची खंत समजण्यासारखी आहे. 2005 सालच्या ‘हनुमान’ या पहिल्या चित्रपटाचा तो चाहता असतो. व्ही. जी. सामंत यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या चित्रपटात जन्मापासूनची मूळ कथा आदराने सांगितलेली होती. अनुराग कश्यप यांच्या दुसऱ्या भागाने मात्र देवाला शाळकरी पोर केले, स्वर्गाचे कचेरीत रूपांतर केले आणि भक्तीची थट्टा मांडली, असा त्याचा आक्षेप असतो. हा आक्षेप प्रातिनिधिक आहे, आणि म्हणूनच त्याचा परामर्श घेणे अगत्याचे आहे.

प्रथम थट्टेचा मुद्दा. ज्या समाजाने पुण्यासारख्या शहरात आपल्या देवाला जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, डुल्या मारुती अशी नावे ठेवली, त्या समाजाच्या वंशजाने मारुतीच्या शाळकरी गणवेशाने दुखावून घ्यावे, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात चाफळ, मसूर, उंब्रज, शहापूर अशा गावी अकरा मारुतींची स्थापना केली, तीही लोकांच्या नित्य जगण्यात हा देव वावरावा म्हणूनच. गावोगावी वेशीवर आणि तालमीत उभा असलेला मारुती पोरांच्या सहवासातलाच देव आहे. कोकणातील दशावतारात आख्यान पौराणिक असते. संवाद मात्र रंगमंचावरच, समोरच्या प्रेक्षकांना पाहून उभे राहतात. कीर्तनकाराचे पूर्वरंगातील निरूपण उत्तररंगात येईपर्यंत श्रोत्यांच्या संसाराला येऊन भिडते. कथेला वर्तमानात आणणे ही भ्रष्टता मानायची, तर ही सारी परंपराच भ्रष्ट ठरेल.

मुनिरक्यात राहणाऱ्याला तर हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. हे मूळचे टोकस जाटांचे गाव. शहराने त्याला वेढले, शेजारी जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आले, आणि भाडेकरूंसाठी गावातल्या घरांवर मजल्यांमागून मजले चढले. पाया जुना, मजला नवा, अशा घरात राहूनच हा विद्यार्थी जुन्या कथेवर नवा मजला चढवू नये, असे प्रतिपादन करतो. मजला कच्चा आहे की पक्का, एवढाच प्रश्न विचारण्याचा त्याला अधिकार आहे. आणि तोच तो विचारत नाही.

तो प्रश्न विचारला, तर दुसऱ्या भागाचा खरा दोष उघड होतो. रामायणकथेत हनुमंताला लहानपणीच ऋषींचा शाप मिळतो आणि त्याला आपल्या सामर्थ्याचे विस्मरण होते. समुद्रतीरी जांबवंत त्याला त्याची आठवण करून देतो, तेव्हाच उड्डाण घडते. आपले बळ आपल्याला ठाऊक नसते, ते दुसऱ्या कोणीतरी सांगावे लागते, हा या कथेचा गाभा आहे. दुसऱ्या भागात शापाच्या जागी करार आला. पृथ्वीवर माणसासारखे वागावे, दैवी सामर्थ्य वापरू नये, अशा अटीवर ब्रह्मदेव हनुमंताला मानवजन्म देतो. कल्पना विलक्षण आहे. आधुनिक माणसाचे बळ विस्मरणाने जात नाही, ते अटींनी बांधले जाते, एवढे मोठे विधान तिच्यात दडलेले आहे. परंतु चित्रपट ते विधान पेलत नाही. विस्मरणाला जांबवंत लागतो. करार मात्र एकट्यानेही मोडता येतो. त्यामुळे स्नेहाची जी जागा मूळ कथेत होती, ती येथे रिकामी राहते, आणि ती भरण्यासाठी राहू-केतूंची धुमश्चक्री व मोठ्यांनाच कळतील असे विनोद आणले जातात. चित्रपट देवाची थट्टा करतो म्हणून उणा पडत नाही. समोर बसलेल्या मुलावर त्याचा पुरता विश्वास नाही, म्हणून तो उणा पडतो.

‘मुलांचा तर चित्रपट, त्याची एवढी चिकित्सा कशाला?’ हा बचावही टिकणारा नाही. विजया मुळे यांनी 1974 साली केलेला ‘एक अनेक और एकता’ हा लघुपट मुलांसाठीच होता. अवघ्या काही मिनिटांत तो एक अमूर्त कल्पना खेळाच्या ओघात मुलांपुढे ठेवतो आणि ती कळेल असा भरवसा बाळगतो. युगो साको यांनी राम मोहन यांच्यासह जपानी कलावंतांकडून घडवलेला ‘रामायण’ 1992 साली पूर्ण झाला आणि जानेवारी 2025 मध्ये भारतीय चित्रपटगृहांत आला, तेव्हा तीन दशकांनंतरही त्याच्या रेषा शिळ्या झाल्या नव्हत्या. पहिल्या ‘हनुमान’नंतर सव्वादोन वर्षांत पडद्यावर आलेल्या दुसऱ्या भागाला असे दीर्घ संगोपन लाभले नाही.

परंतु याचा दोष केवळ निर्मात्यांच्या माथी मारून चाहत्याला मोकळे होता येणार नाही. नव्या भागाकडून त्याने मागितले ते जुन्याचेच पुनःकथन. बाजार अशा मागण्या फार लक्षपूर्वक ऐकतो. 2017 साली ‘हनुमान दा दमदार’ने पुन्हा बालपण सांगितले, 2021 पासूनची ‘द लेजंड ऑफ हनुमान’ ही मालिका पुन्हा विस्मरण आणि स्मरण या मूळ सूत्राकडे वळली. त्यांतील कौशल्य वादातीत असेल. पण हनुमंत आज, आपल्यात आला तर काय होईल, हा 2007 सालचा प्रश्न अर्धवट उत्तरासह तसाच पडून आहे. धाडस फसले तर फसण्याची मीमांसा करावी लागते. चाहत्यांनी धाडसालाच अपराध ठरवले, आणि पुढल्या पिढीतील मुलांच्या वाट्याला तीच कथा अधिक झळझळीत रंगांत आली.

ज्याला मारुती खरोखर प्रिय आहे, त्याने कथेचा पहारेकरी होण्यात धन्यता मानू नये. जांबवंताचे काम त्याने करावे. या कथेत अजून किती बळ आहे, याची आठवण तिच्या निर्मात्यांना करून द्यावी, आणि पुढच्या पुनरागमनाकडून अधिक मोठ्या उड्डाणाची अपेक्षा धरावी.