पाला सावलीतच वाळवा

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि गच्च्यांवर वाळवणं पडतात. पापड-कुरडयांना हे ऊन मानवतं; औषधी पाल्याला नाही.

तुळशीतलं युजेनॉलसारखं सुगंधी तेल कडक उन्हात उडून जातं. शेवग्याच्या पानांतलं क जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीन घटतं, हिरवा पाला पिवळट पडतो. उलट, तो फार रेंगाळत वाळला तर बुरशी धरते.

यावल, चोपडा, शिरपूरच्या सातपुडा पट्ट्यात वनौषधी गोळा करणाऱ्यांच्या मेहनतीचं मोल या वाळवणीतच ठरतं. हवेशीर सावली, पातळ थर, अधूनमधून उलथापालथ आणि पान चुरचुरीत होताच हवाबंद डबा.

जळगावच्या जैन इरिगेशनने कांद्याचं निर्जलीकरण मोठ्या उद्योगाच्या पातळीवर नेलं. तीच शिस्त वनौषधींनाही हवी. खान्देशातल्या शेतकरी गटांनी यंदा गावोगावी वाळवणीची सामाईक शेड उभारावी.