आईची पूजा, बापाचा दाखला

देशी गायीच्या भक्तांशी माझं भांडण गायीवरून नाही. गाय मला त्यांच्याइतकीच प्रिय आहे. भांडण आहे ते तिच्या नावाने चाललेल्या बिनडोक वंशशास्त्राशी, आणि बीड जिल्ह्यात सध्या या शास्त्राला भलताच ऊत आलाय. सप्ताहाचा मंडप असो, गोशाळेचं उद्घाटन असो, मोबाइलवर फिरणारी चित्रफीत असो, पाठ एकच. जर्सी ही गायच नव्हे, तिच्यात डुकराचा अंश आहे, तिचं दूध विष आहे. आणि शेवटी आवाज चढवून ठोकायचं: ‘हे आता डीएनएने सिद्ध झालंय!’

कुठल्या डीएनएने? तपासला कोणी? विचारा एकदा उभं राहून. व्याख्याते महाराज तुमचं देशप्रेम तपासायला लागतील, पण उत्तर देणार नाहीत.

उत्तर मी देतो. प्राण्यांचा असा डीएनए खरोखरच तपासला जातो, आणि त्याची एक नावाजलेली पद्धत आपल्या शेजारी हैदराबादला तयार झाली. तिथल्या सीसीएमबी या संस्थेत सुनीलकुमार वर्मा आणि लालजी सिंग यांनी 2003 मध्ये ती प्रसिद्ध केली. मांसाचा तुकडा आणा, हाड आणा, केस आणा. त्यातल्या मायटोकाँड्रियाच्या एका जनुकाचा छोटा भाग वाचून प्रयोगशाळा सांगते की हा जीव कोणत्या जातीचा. वाघ, हरीण, गाय, म्हैस, डुक्कर, सगळ्यांची अक्षरं वेगळी. या कसोटीवर जर्सी लावली तर उत्तर येतं गाय. गाय म्हणजे गायच. डुक्कर तिच्या आसपासही फिरकत नाही. गायीची गुणसूत्रं 60, डुकराची 38. या दोघांचं वासरू कोणत्या गोठ्यात जन्मलं ते महाराजांनी गाव आणि सर्व्हे नंबरासकट सांगावं. अहो, गाय आणि म्हैस आपल्याकडे हजारो वर्षं एकाच दावणीला बांधल्या जातात, त्यांचाही संकर होत नाही. म्हशीची गुणसूत्रं 50. आणि हे निघाले डुकराची सोयरीक जुळवायला!

पण मायटोकाँड्रियाचं नाव निघालंच आहे, तर या मंडळींची खरी पंचाईत तिथूनच सुरू होते.

पेशीच्या केंद्रकाबाहेर ऊर्जा तयार करणारे हे सूक्ष्म घटक. त्यांचा स्वतःचा वेगळा, वर्तुळाकार डीएनए असतो. गायीत तो 16,338 अक्षरांचा आणि 37 जनुकांचा. आणि तो येतो फक्त आईकडून. शुक्रजंतूचे मायटोकाँड्रिया बीजांडात शिरले तरी तिथे नष्ट केले जातात. आईकडून लेकीला, लेकीकडून नातीला, अशी ही निव्वळ मातृवंशाची वही. बापाला तिच्यात एक अक्षर लिहिता येत नाही.

आता आष्टी-पाटोद्याच्या गोठ्यातली संकरित गाय बघा. ती काही विमानातून उतरलेली नाही. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरळीकांचनला बाएफ ही संस्था उभी केली, पुढे गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या गावोगाव गेल्या आणि आपल्याच गावठी गायींना भरवल्या गेल्या. वळू परका, गाय इथली. झालेल्या कालवडीला पुन्हा जर्सीची कांडी, तिच्या कालवडीला पुन्हा. पाच पिढ्या गेल्या. वशिंड गेलं, रंग गेला, दूध वाढलं. मायटोकाँड्रिया? तेच, पहिल्या गावठी आजीचे, देशी. त्यांना कोणतीही कांडी हात लावू शकलेली नाही.

म्हणजे बघा काय चाललंय. तोंडाने अखंड ‘माता, माता’. आणि प्रवेशाच्या दाराशी दाखला मागायचा तो बापाचा! आईच्या वंशाने देशी असलेल्या गायीला बापावरून परकी ठरवायचं, आणि त्यालाच मातृपूजा म्हणायचं. हा मातृभक्तीचा ढोंगी अवतार आहे, आणि ही बापाचं कूळ विचारायची खोड कुठून आली ते तुम्हा-मला चांगलं माहीत आहे. माणसांना लावलेली फूटपट्टी आता जनावरांना लावतायत.

उलट टोकाचं उदाहरण ब्राझीलचं. तिथली नेलोर गाय दिसायला आंध्रातल्या नेल्लोरच्या गायीची सख्खी बहीण. पांढरी, वशिंडाची. आमच्या वंशशुद्धीवाल्यांसमोर उभी केली तर हळद-कुंकू लावतील. पण तिकडे भारतातून गेलेली जनावरं मोजकी, त्यांत वळूंचा भरणा, आणि त्यांचा संकर झाला तो युरोपी वंशाच्या गायींशी. 1990 च्या दशकात मायटोकाँड्रिया तपासले तेव्हा त्या कळपांच्या मोठ्या हिश्श्यात मातृवंश युरोपी निघाला. आफ्रिकेतल्या वशिंडवाल्या गायींचंही तेच: डब्लिनच्या लॉफ्टस, ब्रॅडली आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये दाखवलं की त्यांचे मायटोकाँड्रिया बिनवशिंडाच्या गायींच्या घराण्यातले आहेत. वशिंडात देवत्व शोधणाऱ्यांनी आता काय करावं?

त्याच 1994 च्या संशोधनात एक अस्सल अभिमानाची गोष्टही आहे. आपली वशिंडवाली गाय आणि युरोपातली गाय यांचे मातृवंश लाखो वर्षांपूर्वीच वेगळे झाले होते. म्हणजे माणसाने त्यांना दोन ठिकाणी, स्वतंत्रपणे माणसाळवलं. आपलीला सिंधूच्या खोऱ्याच्या आसपास. इतका थोर वारसा हाताशी असताना यांना लागतात कशाला तर दुधातल्या सोन्याच्या गप्पा! 2021 मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाने देशभर ‘गोविज्ञान’ परीक्षा घ्यायची ठरवली होती. तिच्या अभ्यास-साहित्यात देशी गायीच्या दुधाचा पिवळेपणा सोन्यामुळे असल्याचं लिहिलं होतं आणि भूकंपाचा संबंध कत्तलीशी जोडला होता. 1993 चा किल्लारीचा भूकंप अंगावर झेललेल्या मराठवाड्याला हे शिकवणार? परीक्षा लांबणीवर पडली. अक्कल पडली होतीच.

आणि शुद्धता म्हणजे तरी काय? आमची लाडकी देवणी, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, देखणी. ती गीर, डांगी आणि स्थानिक गायींच्या मिश्रणातून घडली असं पशुवैद्यकाचं पाठ्यपुस्तक सांगतं. संकरच की! मराठवाड्याच्या शेतकऱ्याने डोळसपणे केलेला, उत्तम संकर. मला तिचा अभिमान आहे तो त्याच्यामुळेच.

आता सरकारकडे वळू. 2015 पासून राज्यात गोवंशहत्याबंदी आहे. त्या कायद्यापुढे जर्सीही गाय, संकरित गोऱ्हाही गोवंश. भाकड झाली तरी शेतकऱ्याने ती विकायची कुणाला, याचं उत्तर नाही. 30 सप्टेंबर 2024 ला त्याच राज्याने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केलं. देवणी, लाल कंधारी, खिल्लार, डांगी, गवळाऊ, सगळ्यांची नावं घेतली. त्याच दिवशी गोशाळांना देशी गायीमागे रोज 50 रुपये अनुदानाचा निर्णय झाला. म्हणजे तीच संकरित गाय बंदीच्या वेळी गाय आणि चाऱ्याच्या वेळी परकी. आणि शेतकऱ्याच्या दावणीची लाल कंधारी? तिला त्या पन्नासातला छदाम नाही, कारण ती गोशाळेत नाही, घरात आहे. ऊसतोडीला कोयता घेऊन निघताना मागे गाय कुणाच्या जिवावर सोडायची, हे या निर्णयावर सह्या करणाऱ्यांनी केज-धारूरच्या कुठल्याही तांड्यावर जाऊन विचारावं.

म्हैस तर बिचारी मोजणीतच नाही. मराठवाडी म्हैस ही नोंदलेली जात, बीड तिचं घर. आपल्याकडच्या पाणम्हशीचे मायटोकाँड्रियाही ती भारतीय उपखंडातच माणसाळवली गेल्याकडे बोट दाखवतात. दूधही ए2, म्हणजे देशी गायीच्या ज्या दुधाचे गोडवे गातात त्याच प्रकारचं. पण रंग काळा, वाहन यमाचं. संपला विषय.

ज्याची खरी काळजी करायची ते तर कुणी बोलतच नाही. 2023 मध्ये अंबाजोगाई तालुक्यात साकूडला देवणी आणि लाल कंधारीच्या संवर्धनाचं प्रक्षेत्र सरकारने मंजूर केलं. चांगली गोष्ट. पण आपल्याकडे संवर्धन म्हटलं की वळू आणि वीर्यकांड्या. कांडी शंभर वर्षं गोठवून ठेवा, तिच्यातून मातृवंश परत येणार नाही. बापाला त्या वहीत लिहिताच येत नाही, हे वर सांगितलंच. दुष्काळात चारा नाही म्हणून नेकनूरच्या बाजारात लाल कंधारी गाय गेली आणि मागे तिची एकही कालवड, बहीण, मावशी उरली नाही, तर हजारो वर्षांची ती ओळ तिथेच तुटते. तेव्हा साकूडला वळूंच्या नोंदवहीआधी गायींची नोंदवही उघडा. कुठल्या गावातली, कुणाच्या गोठ्यातली, आई कोण, आजी कोण. आणि ते 50 रुपये त्या गोठ्याच्या मालकाच्या खात्यात जमा करा, वैरण संपायच्या आत.