अश्रू लुइझियानासाठी, साखर आपल्या चहात

'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' (२०१३) पाहून कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील आपली कुटुंबे हळहळली. १८४१ साली पळवून नेलेला सॉलोमन नॉर्थअप बारा वर्षे लुइझियानात राबला. त्याच्यावरचे फटके पाहवत नाहीत, हे खरेच.

परंतु 'ते गोऱ्यांचे पाप' म्हणून आपली सुटका नाही. १८३८ साली मेरीलँडच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी २७२ गुलाम विकले, तेही लुइझियानाच्याच मळ्यांना. विकणारे रोज मिस्सा अर्पण करणारे होते!

चित्रपटाच्या आरंभीच गुलाम ऊस तोडताना दिसतात. ऊस आपल्याला परका आहे काय? हंगामात त्याच्या ट्रॉल्या आपल्या रस्त्यांवरून जातात. तो तोडायला मराठवाड्यातून आलेले जोडपे मुकादमाच्या वहीत माणसे म्हणून नव्हे, एक 'कोयता' म्हणून नोंदलेले असते. हंगामापूर्वीच उचल दिलेली. आजारपणाचा खाडा तिच्यात चढतो, आणि फिटली नाही तर पुढच्या वर्षी तोच मुकादम, तोच फड. अशा कर्जापायी माणसाला कामाला जखडणे हा १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यान्वये गुन्हा आहे.

नाताळात त्यांच्या पालांवर आपण करंज्या घेऊन जाऊ. उचलीचा हिशेब विचारायला कोण जाणार?