सॉसची बाटली आणि मराठवाड्याचा उन्हाळा

थंडीत नांदेड-लातूरच्या मंडईत टोमॅटो स्वस्त झाला, की घरोघरी सॉसचे पातेले चुलीवर चढते. बाजारातील अनेक सॉसमध्ये कांदा-लसूण असल्याने जैन गृहिणी तो घरीच करणे पसंत करतात. शिकवणीसाठी लातूरला राहिलेल्या मुलासाठीही एक बाटली जाते. परंतु माघात लालभडक असलेला तोच सॉस वैशाखात तपकिरी पडला, की दोष पाककृतीला दिला जातो. पुष्कळदा तो दोष बाटलीचा असतो.

टोमॅटोचा लाल रंग लायकोपीन या द्रव्यामुळे येतो. प्राणवायूच्या संपर्काने ते क्षीण होते, 'क' जीवनसत्त्व घटते आणि रंग काळवंडतो. चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या आपल्याकडील उन्हाळ्यात ही क्रिया अधिकच वेग घेते. काचेतून प्राणवायू आत शिरत नाही. पेट प्लॅस्टिकमधून तो अत्यल्प, परंतु अखंड झिरपतो. साधी पॉलिथिनची पिशवी तर त्याला फारसा अटकावच करीत नाही. ॲल्युमिनियमचा थर असलेले पाऊच हवा व प्रकाश दोन्ही अडवते. मात्र घड्या पडून तो थर चिरला, की संरक्षण उणावते. पारदर्शक काच प्रकाश अडवीत नाही, म्हणून बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवावी.

सॉस सुमारे ८५ अंशांवर, उकळून घेतलेल्या गरम बाटलीत, वर थोडीच जागा ठेवून भरावा. पाण्याची रिकामी प्लॅस्टिक बाटली येथे निरुपयोगी होय. ती एवढ्या उष्णतेने मऊ पडून आक्रसते. गंजलेले झाकणही वापरू नये. सॉसमधील आम्ल धातूला खाते.

उत्तम बाटली कच्च्या सॉसला मात्र वाचवू शकत नाही. विक्रीच्या सॉससाठी किमान २५ टक्के विद्राव्य घटक आणि १ टक्का आम्लता हा शासकीय दंडक आहे. घरीही सॉस पुरेसा आटवावा व व्हिनेगर घालण्यात काटकसर करू नये. बुरशी, बुडबुडे किंवा फुगलेले झाकण दिसल्यास वरचा थर काढून उरलेला सॉस वापरू नये; सगळाच टाकावा.

बाटली उघडताच वेष्टनाचे काम संपते. म्हणून वसतिगृहातील मुलाला एका मोठ्या बरणीऐवजी काचेच्या लहान बाटल्या द्याव्यात आणि उघडलेली शीतकपाटात ठेवण्यास सांगावे. पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवस मानणाऱ्या घरांना ऋतूप्रमाणे पदार्थाचे आयुष्य बदलते, हे नव्याने सांगावे लागत नाही. बाटलीही ऋतू पाहूनच निवडावी.