विम्याचे पैसे आणि अपघाताची भरपाई

पर्युषणातील एका प्रवचनानंतर एका वयोवृद्ध श्रावकांनी मला बाजूला घेऊन एक शंका विचारली. त्यांच्या मुलास मालमोटारीने धडक दिली होती. रुग्णालयाचे देयक मेडिक्लेम कंपनीने चुकते केले. आता वकील म्हणतात की तोच खर्च मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढेही मागावा. "एकाच खर्चाचे पैसे दोनदा घेणे हे अदत्तादान नव्हे काय?" हा त्यांचा प्रश्न. हिशेबाच्या वहीत आयुष्य गेलेल्या माणसाला तो पडावा, यात मला नवल वाटले नाही.

या प्रश्नावर न्यायालयांनीही पुष्कळ ऊहापोह केला आहे. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाविरुद्धच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली निर्णय दिला की मृताच्या आयुर्विम्याची रक्कम भरपाईतून वजा करता येत नाही. विम्याचा पैसा हा हप्ते भरून केलेल्या कराराचे फळ. तो मृत्यू कसाही आला तरी मिळालाच असता. अपघाताशी त्याचा संबंध नाही. भविष्य निर्वाह निधी व कुटुंबवेतन यांनाही हाच न्याय लागू झाला. मेडिक्लेमविषयी मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या निरनिराळ्या पीठांची मते जुळत नव्हती. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने ती रक्कमही वजा करू नये असे ठरविले. काही अन्य उच्च न्यायालयांचा कल वेगळा आहे, तेव्हा परप्रांतातील दाव्यात वकिलांना हे अवश्य विचारावे.

या निर्णयांमागील विचार व्यापाऱ्याला सहज पटेल. हप्ते तुम्ही भरलेत. त्या दूरदृष्टीचा लाभ ज्याने धडक दिली त्याला किंवा त्याच्या विमा कंपनीला का मिळावा?

सरकारी मदतीचे गणित निराळे. हरियाणात सेवेत असताना मृत्यू पावलेल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबास नियमानुसार काही वर्षे त्याचे वेतन मिळत राहते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले की बुडालेल्या वेतनाची भरपाई शासनाने अशा रीतीने केली असेल, तर तेवढा भाग दाव्यातून वगळावा. तेथे कर्मचाऱ्याने हप्ता भरलेला नसतो. ब्रिटन याही पुढे गेले आहे. लंडन वा लेस्टर येथे आपले आप्त असतील त्यांना हे ठाऊक असावे. तेथील १९९७ च्या कायद्याप्रमाणे जखमी माणसास त्या दुखापतीमुळे जास्तीत जास्त ५ वर्षे दिलेले सरकारी भत्ते भरपाई देणाऱ्याने शासनाला परत करावयाचे असतात. तो ती रक्कम जखमीच्या पैशांतून कापू शकतो, परंतु वेतन, शुश्रूषा व हिंडण्याफिरण्याची अडचण या सदरांतून, आणि त्यांतही भत्ता ज्या सदराचा त्याच सदरातून. वेदनेबद्दल मिळालेल्या रकमेला हात लावता येत नाही. ही वाटणी मला न्याय्य वाटते.

आपल्या पेढीच्या टेम्पोवरील चालकास अपघात झाला तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. कामगार भरपाईचा कायदा आणि मोटार वाहन कायदा या दोहोंखाली हक्क पोहोचत असेल, तर १६७व्या कलमाप्रमाणे त्यांपैकी एकच वाट निवडता येते. घाईने सही घेऊन त्याच्या कुटुंबाची मोठी वाट बंद करू नये. ही चूक अनेकदा चांगल्या मनाच्या मालकांकडून होते.

आता त्या श्रावकांच्या शंकेकडे. जे देण्यास दुसरा कायद्याने बांधलेला आहे ते घेणे अदत्त नव्हे, असे मी त्यांना सांगितले. दोष घेण्यात नसून लपविण्यात आहे. मूळ देयके मेडिक्लेम कंपनीकडे गेलेली असताना रुग्णालयाकडून दुसरा संच 'मूळ' म्हणून मिळवून न्यायाधिकरणापुढे ठेवणे, हे अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांपैकी प्रतिरूपकव्यवहाराच्या अगदी जवळ जाते. त्याऐवजी देयकांच्या साक्षांकित प्रती आणि मेडिक्लेम कंपनीचे रक्कम मंजूर केल्याचे पत्र दोन्ही जोडावीत, किती मिळाले हे शपथेवर स्पष्ट सांगावे, आणि वजावट करायची की नाही ते न्यायाधीशांवर सोडावे.

त्यांनी तसेच केले. दावा अद्याप प्रलंबित आहे.