मुळांचे लाड पुरेत

आवर्तन आठ दिवस लांबलं, गव्हानं माना टाकल्या आणि लगेच सगळी बोटं पाटबंधारे खात्याकडे! खात्याची वकिली या स्तंभात कधी झालेली नाही, हे वाचक जाणतात. पण या आठवड्यात फोनवर रडणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारलं : मुळं खणून पाहिलीत का?

आम्ही पाहिली. बांधाला बांध लागून दोन तुकडे; तीच काळी जमीन, तेच वाण, पेरणीही एकाच आठवड्यातली. पहिल्यात दर आठवड्याला तुषारचा तासभर शिडकावा. वरची वीतभर माती ओली आणि सगळा जारवा त्या वितीतच गुंतलेला. खाली ढेकळं कोरडी ठणठणीत. मूळ ओलीमागं जातं, कोरड्यात शिरत नाही. दुसऱ्यात ओलवणी करून वाफशावर पेरणी, एकविसाव्या दिवशी भरपूर पाणी, पुढचं कांडी धरताना. इथं खड्डा मांडीइतका झाला तरी भेगांच्या कडेनं पांढरी मुळं उतरतच होती. पाट दोघांचाही कोरडा. पहिल्याची पानं अकरा वाजताच वळतात, दुसरा अजून हिरवागार.

ऑस्ट्रेलियातला 2007 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग हेच सांगतो. 1.35 ते 1.85 मीटर खोलीतलं अवघं 10.5 मिलिमीटर जादा पाणी मुळांना मिळालं आणि हेक्टरी 0.62 टन गहू वाढला. आपल्याकडे तुषार संचाला अनुदान आहे, खड्डा खणायला नाही. मग खणणार कोण?

मात्र हे वाचून कुणी पहिलंच पाणी तोडू नये. 18 ते 21 दिवसांत मुकुटमुळं फुटतात ती जमिनीलगतच्या पेऱ्यातून. तिथं माती सुकली की ती अडतात, फुटवेही घटतात. दोनच पाणी असेल तर एक तेव्हा आणि दुसरं 60-65 दिवसांनी, ही शिफारस जुनीच आहे. हातभर खोलीच्या मुरमाड रानात मात्र थोडं थोडं पाणीच बरं. तिथं मुळांना उतरायला जागाच कुठाय?

उरला आमचा नेहमीचा धोशा. पाणीपट्टी एकरावर असेल तोवर पाट आला की जो तो रान भिजवणार, पिकाला गरज असो वा नसो. पाणी वापर संस्थांना मोजून पाणी द्यायचा कायदा 2005चा आहे. मीटर बसवा; मुळं आपोआप शहाणी होतील.