सटवाईची लेखणी आणि आशाताईची वही

मूल जन्माला आले की पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळी नशीब लिहून जाते, ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. तिची अडचण होऊ नये म्हणून आपण पाटावर कोरा कागद अन् लेखणी मांडतो, दिवा रात्रभर तेवत ठेवतो. ती काय लिहिते ते मात्र आजवर कोणाला वाचता आलेले नाही. पुढे मूल रोडावले, चालायला-बोलायला मागे पडले, की वडीलधारी मंडळी सुस्कारा सोडतात, "सटवीनेच तसे लिहिले, त्याला आपण काय करणार?" एवढे बोलून झाले की विचार करण्याचे काम संपते.

मला या समजुतीची थट्टा करावयाची नाही. मुलाच्या पुढल्या आयुष्याचा बराचसा मजकूर फार लवकर लिहिला जातो, हे आपल्या आज्यांनी ओळखलेच होते. फक्त तिथी थोडी चुकली. लेखणी चालू होते ती सहाव्या रात्रीच्या कितीतरी आधी.

हे कळले कसे, त्याची हकीकत मोठी गमतीची आहे. इंग्लंडातील हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या कर्तबगार बाईंच्या देखरेखीखाली सुइणी आणि परिचारिका तान्ह्या मुलांची जन्मतः वजने घेत, आणि मूल वर्षाचे झाले की पुन्हा वजन करून वहीत टिपत. वह्या पुढे धूळ खात पडल्या. पुष्कळ वर्षांनी डॉ. डेव्हिड बार्कर यांनी त्या उघडल्या आणि १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचे पुढे काय झाले याचा माग काढला. १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जन्मतः आणि वर्षाचे असताना जे वजनाने हलके होते, त्यांच्यात हृदयविकाराने मरणारे अधिक निघाले. म्हाताऱ्याच्या दुखण्याचे मूळ पाळण्यात सापडले!

आपल्याकडे हे काम पुण्याजवळच्या सहा खेड्यांत झाले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तेथील बायकांची पाहणी सुरू केली. त्यांना दिवस गेले, मुले झाली, ती मुले मोठी झाली, तरी पाहणी चालूच राहिली. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडातील साउदम्प्टनची ३.५ किलोची. दिसायला आपले बाळ काटकुळे. पण हातपाय बारीक असूनही कातडीखालची चरबी त्या मानाने राखलेली. मोठेपणी मधुमेह जडण्याची तयारी जणू पोटातच झालेली. आणि ज्या आयांच्या जेवणात पालेभाजी, फळे आणि दूध होते, त्यांची बाळे अंगाने भरलेली निघाली. यात महागडे असे काहीच नाही, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

आता आमच्या भागाकडे येतो. आमचे कळमेश्वर नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेवरचे तालुक्याचे गाव. एका अंगाला संत्र्यांचे बगीचे, दुसऱ्या अंगाला कारखाने. परवा शेजारच्या घरी आशाताई आली. सून दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी आली होती. आशाताईने झोळीत बाळ निजवले, काटा वर उचलला, वजन वाचले आणि वहीत लिहिले. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा असे तिचे फेऱ्यांचे दिवस ठरलेले असतात. ही रीतही आपल्या विदर्भातलीच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावच्याच बायकांना शिकवून घरोघर नवजात बाळांची काळजी घ्यावयास लावले, तेथील बालमृत्यू झपाट्याने उतरले, आणि १९९९ साली ते काम जगापुढे आले. २०११ पासून सरकारने ते देशभरच्या आशांकडे सोपवले.

शेजारच्या आजीबाईंना हा काट्याचा खटाटोप पसंत नव्हता. त्या म्हणाल्या, "आमच्या वक्ती कोन मोजत होतं, बाई? मले सहा लेकरं झाली."

आशाताईने मान वर न करता विचारले, "झाली सहा. राहिली किती, आजी?"

आजीबाई जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "चार."

गेलेल्या दोघांचे वजन किती होते, ती महिने भरून आली होती की आधीच, ताप होता की श्वास लागला होता, हे आता कोणालाच सांगता यायचे नाही. ती दोन लेकरे कोठल्याही वहीत नाहीत. आणि जे लिहून ठेवले नाही, त्यावरून पुढच्या आईला सावध कसे करणार?

म्हणून नागपुरात चाललेल्या एका कामाचे मला मोल वाटते. डॉ. अर्चना पटेल यांची लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन ही संस्था अनेक देशांच्या एका संशोधन मंडळात सामील आहे. खेडोपाडीच्या गरोदर बायकांची नाव घालून नोंद करायची आणि बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत आई-बाळाचे काय झाले ते टिपायचे. जगलेले मूल टिपायचे तसे पोटातच गेलेलेही टिपायचे. याच मंडळाने सहा देशांत सुमारे बारा हजार पहिलटकरणींवर एक प्रयोग केला. त्यात आपले नागपूर होते, बेळगावही होते. निम्म्या जणींना रोज अ‍ॅस्पिरिनची लहानशी गोळी दिली, निम्म्या जणींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. २०२० मध्ये हिशेब लागला: गोळी घेणाऱ्यांत दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाण शेकडा ११.६, इतरांत १३.१. फरक लहान दिसतो. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळालाच दृष्टी, श्वास आणि हातापायांची व्यंगे यांचा धोका अधिक असतो. (कोणी हे वाचून आपल्या मनाने गोळ्या सुरू करू नयेत, ते डॉक्टरांनी ठरवायचे.)

मात्र या शास्त्रातून एक नवा अन्याय निघू शकतो, तो आताच सांगून ठेवतो. काल दोष सटवाईचा होता, उद्या तो आईच्या माथी येईल. "तूच नीट खाल्ले नाहीस," असे तिला ऐकवायला घर टपलेलेच असते. पण ती जेवायला बसते कधी? सगळ्यांची पाने उचलल्यावर. भांड्याच्या बुडाशी जे उरले, ते तिचे. शिवाय काही गोष्टी तिला कळण्याआधीच घडून जातात. बाळाच्या पाठीच्या कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते. ती उघडी राहण्याचा धोका फॉलिक आम्लाने पुष्कळच टळतो, हे १९९१ साली सात देशांतल्या प्रयोगाने दाखवले. पण चार आठवड्यांत कितीजणींना आपल्याला दिवस गेल्याचे कळलेले असते? म्हणजे काळजी सुनेपासून नव्हे, घरातल्या सोळा वर्षांच्या पोरीपासून घ्यायला हवी. तिच्या वाटीत दूध किती पडते आणि तिच्या भावाच्या किती, हे पाहायला कोणत्याही शास्त्रज्ञाची गरज नाही.

त्या दिवशी आजीबाईंनी वाद पुढे वाढवला नाही. आशाताई निघाली तेव्हा त्यांनी आतून सुनेसाठी दुधाचा पेला आणला, आणि ती पिऊन होईपर्यंत समोर बसून राहिल्या. सटवाईने काय लिहिले ते मला ठाऊक नाही. पण या दिवाळीत फराळाची पहिली थाळी घरातल्या गरोदर सुनेपुढे आणि वाढत्या लेकीपुढे ठेवावी, एवढे मात्र प्रत्येक घराला जमण्यासारखे आहे.